हप्त्यावर विकलेला प्लॉट, हप्ते थकले: घेणाऱ्याला कसुरीची नोटीस कशी द्यायची?

साठेखत_जालना

प्लॉटच्या सौद्यात मध्ये बँक नाही, मालकानंच घेणाऱ्याला हप्ते पाडून दिलेले, आणि आता चार-सहा महिन्यांपासून हप्ते बंद. जालना घ्या, लातूर घ्या, परभणी घ्या, शहराच्या कडेच्या प्लॉटिंगमध्ये असे सौदे गल्लोगल्ली आहेत. या मंचावर लोक सारखं विचारायलेत की नोटिशीचा नमुना टाका. नमुन्यानं काम होत नाही. आधी हातातला कागद कोणता ते बघा. नोटिशीत काय मागता येतं ते त्यावर ठरतं.

कागद तीन तऱ्हेचा असतो. एक, साधी इसारपावती किंवा साठेखत, म्हणजे पुढं विकायचा करार, ताबा मालकाकडंच. दोन, ताबे इसारपावती: पैसे बाकी, पण घेणाऱ्यानं तारेचं कंपाउंड घातलंय, पत्र्याची खोली टाकलीय. तीन, खरेदीखत होऊन गेलंय, फेरफार मंजूर झालाय, आणि 'उरलेले देतो' एवढ्या शब्दावर मालक बसलाय.

पहिल्या दोन्हींत मालकी अजून विकणाऱ्याचीच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ तेच सांगतं: नुसत्या साठेखतानं जागेत हक्क तयार होत नाही. म्हणून तिथं आधी कसुरीची नोटीस, मग मुदत, आणि मुदत टळली तर सौदा मोडल्याची दुसरी नोटीस. तिसऱ्या प्रकारात मोडायला काही शिल्लकच नसतं. त्यावर वकीलताई लिहितीलच.

वकील_लातूर

लिहिते. नोंदणीकृत खरेदीखत झाले की किंमत बाकी आहे एवढ्या कारणाने ते रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले: विकणाऱ्याने बाकी रकमेसाठी दावा करावा, दस्त रद्द करून मागू नये. म्हणून अशा नोटिशीत 'खरेदीखत रद्द केले आहे, ताबा परत द्या' हे वाक्य आले की पुढचा वकील हसतो.

तिथे मागायची ती रक्कम आणि त्यावरचे व्याज. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(४)(ख) प्रमाणे न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा त्या जागेवर बोजा राहतो, तो नोटिशीत कलमासह लिहा. मुदत कायद्यात घेणाऱ्याकडून व्यक्तिशः वसुलीला ३ वर्षे आहेत, बोजा म्हणून जागेवरून वसुलीला १२. पण अडचण दुसरीकडेच असते. खरेदीखतात सर्रास 'संपूर्ण मोबदला मिळाला, तक्रार नाही' असे छापून टाकलेले असते. ते वाक्य दस्तात असेल तर बाकी सिद्ध करायला न वटलेले चेक, घेणाऱ्याची सही असलेली हिशोबाची चिठ्ठी, असे काहीतरी वेगळे हातात लागते.

गोदाकाठ

मग साध्या साठेखताचं बोलू. मुदत किती द्यायची? कुणी ७ दिवस म्हणतं, कुणी ३०.

साठेखत_जालना

साठेखतात लिहिलेली असेल ती. लिहिलेलीच नसेल तर खासगी सौद्याला कायद्यानं ठरवून दिलेला असा आकडा नाही, वाजवी पाहिजे एवढंच. ३० दिवस दिले की सहसा कुणी बोट ठेवत नाही. ७ दिवसांची नोटीस म्हणजे समोरच्याला आयतं कारण.

पण 'नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत' असं लिहू नका. मिळाली कधी यावरच पुढं दोन वर्षं भांडण चालतं. टपालाचे दिवस धरून सरळ तारीख घाला.

एक हिशोब मांडून दाखवतो. प्लॉट ३० बाय ४०, म्हणजे १,२०० चौरस फूट. ठरलेली किंमत १२,००,०००. इसार १,००,०००. बाकी ११ लाख दरमहा ५०,००० प्रमाणे २२ हप्ते, दर महिन्याच्या ५ तारखेला, पहिला ५ जून २०२४ ला, शेवटचा ५ मार्च २०२६ ला. उशीर झाल्यास द.सा.द.शे. १२ सरळ व्याज. १३ हप्ते आले, जून २०२५ पर्यंतचे. जुलैपासून काही नाही. नोटीस १० डिसेंबर २०२५ ची.

थकलेले हप्ते सहा, ३,००,०००. व्याज महिन्याला शेकडा एक, म्हणजे हप्त्यामागं ५०० रुपये. ५ डिसेंबरला जुलैच्या हप्त्याला पाच महिने झाले, ऑगस्टच्या चार, मग तीन, दोन, एक, आणि डिसेंबरचा शून्य. एकूण पंधरा महिने, ७,५०० रुपये. नोटिशीत आकडा ३,०७,५०० आणि '५ डिसेंबर २०२५ नंतर रोज रुपये ९८.६३ प्रमाणे'. हा तक्ता हप्त्यागणिक नोटिशीतच टाका, जोडपत्र म्हणून वेगळा नको. जोडपत्र पाकिटातून 'गळतं'.

मुनीमजी

तक्ता बरोबर, पण एक भोक राहिलं. शेवटची तारीख १५ जानेवारी दिली तर मध्ये ५ जानेवारीचा हप्ता येतो. घेणारा १२ तारखेला ३,०७,५०० आणि रोजचं व्याज भरून मोकळा होतो. मग कसूर दूर झाली की नाही? नोटीस म्हणते झाली, हप्त्याची वही म्हणते नाही. म्हणून नोटिशीत १५ जानेवारीला पूर्ण चुकतं करायचा आकडा काढूनच लिहा. सहा हप्ते ३,००,०००, जानेवारीचा ५०,०००, ५ डिसेंबरपर्यंतचं व्याज ७,५००, पुढच्या ४१ दिवसांचं ४,०४३.८४, जानेवारीच्या हप्त्यावर १० दिवसांचं १६४.३८. एकूण ३,६१,७०८.२२. बावीस पैसे सोडा वाटल्यास, पण सोडले असं लिहून सोडा.

दुसरं. चक्रवाढ व्याज कागदात नसताना नोटिशीत घालू नका. 'वसुली खर्च ५,०००', 'वकील फी ३,५००' हेही कसूर दूर करायच्या रकमेत मिसळू नका. मागायचे तर वेगळ्या परिच्छेदात मागा. रक्कम फुगलेली दिसली की समोरून उत्तर ठरलेलं: आम्ही खरी बाकी भरायला तयार होतो, यांनी भलतीच मागितली.

आणि तारखांचं. आपल्याकडच्या कागदात 'दुसरा हप्ता सोयाबीन निघाल्यावर', 'उरलेले पाडव्याला' असं सर्रास असतं. पाडवा कोणता? दिवाळीचा की गुढीचा? त्यावर कसूर ठरत नाही. अशा कागदावर आधी एक पत्र द्यावं लागतं: अमुक रकमेसाठी अमुक तारीख, वाजवी अंतर ठेवून. ती टळली की मग कसुरीची नोटीस. म्हणजे दोनऐवजी तीन कागद.

गोदाकाठ

मालकानं वर्षभर उशिराचे हप्ते गुपचूप घेतले असतील तर?

वकील_लातूर

तर तो मोठाच मुद्दा आहे, आणि निम्म्या नोटिसा तिथे पडतात. स्थावर मिळकतीच्या सौद्यात वेळ हा कराराचा गाभा आहे असे न्यायालय सहसा आपणहून धरत नाही. कागदात तसे स्पष्ट लिहिलेले असेल आणि वागणूकही तशीच असेल तर धरते. ५ तारखेचा हप्ता २५ ला, कधी पुढच्या महिन्यात घेतला, पावतीवर चकार शब्द नाही, आणि चौदाव्या वेळी अचानक 'एक दिवस उशीर, सौदा रद्द' म्हटले तर ते टिकत नाही.

त्यावर इलाज हीच पहिली नोटीस आहे. तिच्यात एक परिच्छेद असा हवा: 'यापूर्वी आपले काही हप्ते आम्ही उशिरा स्वीकारले, ती केवळ सवलत होती. यापुढे साठेखतातील तारखा काटेकोर पाळणे बंधनकारक राहील. वर नमूद रक्कम दिनांक १५ जानेवारी २०२६ पर्यंत न दिल्यास वेळ हा या कराराचा मूळ गाभा आहे असे धरून आम्ही करार संपुष्टात आणण्याचा अधिकार वापरू.' 'वापरू' लिहा. 'वापरला आहे' किंवा 'करार आपोआप रद्द समजावा' नको. 'आपोआप' हा शब्द नोटरीच्या छापील इसारपावत्यांत फार लाडका आहे, आणि त्यावर विसंबून दुसरी नोटीसच न पाठवणारेही बरेच. करार मोडल्याचे समोरच्याला कळवावे लागते. करार कायद्याचे कलम ६६ त्यासाठीच आहे.

हप्ता मागणे आणि सौदा मोडणे एकाच कागदात नको, हे साठेखतभाऊंनी वर म्हटले आहेच. कारण साधे आहे. एकाच पत्रात 'तीन लाख द्या' आणि 'सौदा संपला' असेल तर सौदा संपल्यावर तीन लाख कशाचे?

मुनीमजी

यूपीआयचं सांगायचं राहिलं. नोटीस पोचली की दोन दिवसांत खात्यावर १०,००० येतात. नाकारायची सोय नाही, आपसूक जमा. आणि खाली शेरा: 'डिसेंबर हप्ता'. करार कायद्याचं कलम ५९ बघा. देणाऱ्यानं कोणत्या देण्यापोटी ते सांगितलं आणि तुम्ही रक्कम ठेवून घेतली तर ती तिथंच वळती करावी लागते. शेरा काहीच नसेल तर कलम ६० प्रमाणे कुठल्या बाकीत धरायची ते घेणं असणारा ठरवतो. म्हणून गप्प बसायचं नाही. एक तर रक्कम त्याच खात्यावर परत करा. नाही तर त्याच आठवड्यात लेखी कळवा: 'रुपये १०,००० थकबाकीपोटी, सर्व हक्क राखून स्वीकारले. दिनांक १० डिसेंबरची नोटीस व तिच्यातील मुदत कायम आहे.' शेरा 'डिसेंबर हप्ता' असेल तर डिसेंबरच्याच हप्त्यात धरा, जुलैच्या व्याजात वळवू नका.

खात्याचा उतारा नोटिशीच्या तारखेपासून रोज बघा. महिन्यानं बघून 'आम्हाला माहीत नव्हतं' चालत नाही.

टपालवाला

पाठवणीचं मी बघतो. लोकांच्या तोंडी अजून 'आर.पी.ए.डी.'च (पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) आहे, पण २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. आता खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणायचं आणि सोबत रजिस्ट्रेशनची जोडसेवा आणि पोच मागायची. नुसतं स्पीड पोस्ट केलं तर पाकीट घरातल्या कुणाच्याही हाती पडू शकतं. रजिस्ट्रेशन घेतलं तर ते ज्याच्या नावाचं त्याला किंवा त्यानं नेमलेल्या माणसालाच द्यायचं असतं.

पत्ता साठेखतातला, जसाच्या तसा. नंतर माणूस हलला असेल तर नवा पत्ताही, पण जुना वगळून नाही. दोन पत्ते, दोन पाकिटं. जुन्या कागदात औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर पाकिटावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव लिहून पुढं जुनं नावही ठेवा, आणि पिनकोड न चुकता. साठेखतातला पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता वेगळा दिसला की कोर्टात उगाच प्रश्न.

पावतीवरची शाई उन्हानं आणि पाकिटातल्या घामानं उडते. खिडकीवरून निघाल्या निघाल्या तिची झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगचं पानही पोचल्याच्या दिवशीच छापून ठेवा.

पाकीट परत आलं तर फोडू नका! लोक हमखास फोडतात, 'बघू काय लिहिलंय' म्हणून, स्वतःचीच नोटीस. ते बंदच ठेवायचं, कोर्टात उघडतं. वरचा शेरा नीट वाचा. 'घेण्यास नकार' असेल तर बजावणी झाली असंच धरतात. 'सूचना दिली, मागितले नाही' हेही सामान्यतः पाठवणाऱ्याच्या बाजूनं जातं, पत्ता बरोबर असेल तर. सामान्य परिभाषा अधिनियमाचं कलम २७ इथं मदतीला येतं. पण 'पत्ता अपुरा' किंवा 'सोडून गेले' असा शेरा म्हणजे नोटीस पोचलीच नाही. परत पाठवा.

साठेखत_जालना

बीड, धाराशिवकडं आणखी एक. घेणारा ऊसतोडीला जाणारा असेल तर दिवाळीनंतर घराला कुलूप, ते मार्च-एप्रिलला टोळी परत येईपर्यंत. डिसेंबरात पाठवलेली नोटीस 'दार बंद' म्हणून येणार, आणि मालकाला ते आधीच ठाऊक होतं असं समोरचा वकील हमखास काढणार. तिथं मुदत एप्रिलअखेरपर्यंत ओढा, आणि नोटिशीचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका. पैसा उचलीचा, म्हणजे मुकादमाच्या आगाऊ रकमेचा असतो, उचल कधी मिळते तेही सगळ्यांना माहीत असतं. वाजवी मुदत म्हणजे माणसाला खरंच भरता येईल अशी.

वकील_लातूर

व्हॉट्सॲपबद्दल: पाठवा, पण टपालाच्या जोडीला. त्या संदेशाचा पुरावा म्हणून उपयोग करायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पूर्वी तेच जुन्या पुरावा कायद्याचे ६५-ब होते. फोन बदलला, जुना विकला, तर प्रमाणपत्र कशाचे देणार? तो फोन सांभाळा.

फेरफार

सगळे घेणाऱ्याच्याच कसुरीवर बोलायलेत. नोटीस देणारा स्वतः तयार आहे का? साठेखताची विकणाऱ्याच्या बाजूची कलमं काढून वाचा. 'मोजणी करून हद्द कायम करून देईन', 'अकृषिक आदेश आणून देईन', 'बहिणींची सही आणून देईन' यातलं एकही राहिलं असेल तर घेणारा म्हणणार, आधी तुमचं करा. आणि ते बरोबरही असतं.

मराठवाड्यात जुनं रेकॉर्ड बघितल्याशिवाय नोटिशीत 'आम्ही खरेदीखत करून देण्यास सदैव तयार होतो' हे वाक्य लिहू नका. सातबारा भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, इतर हक्कात कूळ आहे का, हैदराबाद कूळकायद्याच्या ३८-ई ची (संरक्षित कुळाला मालकी मिळाल्याची) नोंद आहे का, जमीन मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या) इनामाची किंवा देवस्थानाची आहे का. खासरापत्रक (जुनी जमीननोंद) १९५४-५५ काढा. इकडं कूळकायदा म्हणजे हैदराबादचा १९५० चा, पुण्याकडचा नमुना आणून त्यातली कलमं टाकली की पहिल्याच ओळीत उघडं पडतं. कुळाला मिळालेल्या जमिनीला कलम ५०-ब लागतं. प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (जमीन महसुलाच्या) ४० पट नजराणा भरून मार्ग निघतो, पण तो भरलेला पाहिजे. चलन नोटिशीच्या आधीच्या तारखेचं हवं. परवानगीचं कलम विकणाऱ्यावर आहे आणि ती आलेली नाही, तर शेवटचा हप्ता थकलाय म्हणायची सोयच राहत नाही.

नावांचं पण बघा. सातबाऱ्यावर तिघे भाऊ आणि साठेखतावर तिघांच्या सह्या, तर नोटीसही तिघांची, किंवा कुलमुखत्यार असेल तर त्याचा दस्त क्रमांक लिहून. घेणारे नवरा-बायको दोघं असतील तर दोघांना वेगवेगळी पाकिटं. 'श्री. व सौ.' एकाच पाकिटावर लिहिलं तर बायकोला नोटीस मिळालीच नाही. घेणारा वारला असेल तर सगळ्या वारसांना, लग्न होऊन गेलेल्या मुली धरून. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलांना आईमार्फत, तसं लिहून.

आणि घेणाऱ्यानं पुढं तिसऱ्याला सौदा दिला असेल, कंपाउंडवर तिसऱ्याच्याच नावाची पाटी लागली असेल, तर त्यालाही प्रत.

गोदाकाठ

बरं, १५ जानेवारी टळली. पैसे नाहीत. आता? आणि आलेले साडेसात लाख कुणाचे?

साठेखत_जालना

आता दुसरी नोटीस. एका पानाची: पहिल्या नोटिशीचा दिनांक, पोचल्याचा दिनांक, मुदत संपल्याचा दिनांक, रक्कम आली नाही, म्हणून करार आजपासून संपुष्टात आणत आहोत. आणि पैशाचं काय करणार ते. इसाराचे १,००,००० जप्त, बाकी ६,५०,००० परत. जप्तीचं कलम साठेखतात असेल तरच.

मुनीमजी

साठेखतांत कलम असतं 'भरलेली सर्व रक्कम जप्त'. मालक तेच धरून बसतात.

वकील_लातूर

धरून बसू द्या, टिकत नाही. इसार आणि हप्ते वेगळे. करार कायद्याचे कलम ७४ दंडाला कात्री लावते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच अशा सौद्यात मोठी रक्कम गिळायला नकार दिला होता. २०१२ च्या निकालात म्हटले, खराखुरा इसार जप्त करता येतो, किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम नाही. २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन म्हटले की नुकसानच झाले नसेल तर इसारही सहज ठेवता येणार नाही. म्हणून साठेखतभाऊंच्या 'एक लाख जप्त'शी मी पूर्ण सहमत नाही. प्लॉटचा भाव दोन वर्षांत चढला असेल आणि मालकाला तो जास्तीला विकता येत असेल, तर नुकसान काय दाखवणार?

साठेखत_जालना

ताई, १२ लाखांवर एक लाख म्हणजे शेकडा ८.३३. २०२५ च्या सुरुवातीला सदनिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १० टक्क्यांपर्यंतची कपात चालवून घेतली, २० टक्क्यांचं कलम एकतर्फी ठरवलं. एक लाख ठेवून उरलेले चटकन परत केले तर कोण कोर्टात जातं?

वकील_लातूर

'चटकन परत केले तर', इथेच सगळे आहे. नोटिशीत 'साडेसहा लाख परत देण्यास तयार आहोत' एवढेच लिहून पैसे वर्षभर वापरायचे, असे नको. डिमांड ड्राफ्टची झेरॉक्स जोडा किंवा खात्यावर टाका आणि व्यवहार क्रमांक लिहा. करार कायद्याचे कलम ६४: मोडणाऱ्याने मिळालेला लाभ परत करावा. रोखीने परत करू नका. स्थावर मिळकतीच्या सौद्यात २०,००० किंवा अधिक रोख घेणे आणि परत देणे, दोन्हीवर आयकर कायद्याची बंदी आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा.

आधीचे हप्ते रोखीत घेतले असतील तर नोटीस लिहिण्याआधी सनदी लेखापालाकडे जा. आकडा लपवून नोटीस खोटी करू नका, पण हेही जाणून असा की एप्रिल २०२५ च्या निकालाप्रमाणे दाव्यात दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचे कथन आले की न्यायालय आयकर विभागाला कळवते.

दुसरी नोटीस नीट बजावली गेली असेल तर तिचा मोठा फायदा आहे. २०१३ च्या निकालाप्रमाणे घेणाऱ्याला नुसता करार पूर्तीचा दावा पुरत नाही, समाप्ती बेकायदा आहे असा ठरावही मागावा लागतो. दुसरी नोटीस टपालात टाकली की त्याच दिवशी दिवाणी न्यायालयात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) दाखल करा, दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १४८-अ, ९० दिवस चालते. नाहीतर एकतर्फी मनाई हुकूम घेऊन माणूस दारात.

गोदाकाठ

आणि ताबे इसारपावती असेल तर? समाप्तीनंतर कुलूप लावावं का?

वकील_लातूर

नाही. कुलूप नाही, वीज तोडणे नाही, जेसीबी तर नाहीच. कागद नोंदणीकृत नसेल तर २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या सौद्यात घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चे, म्हणजे ताबा टिकवायचे संरक्षण मिळत नाही हे खरे. पण त्याचा अर्थ त्याला हाताने बाहेर काढता येते असा नाही. विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांत दावा लावून तो ताबा परत घेतो, आणि तिथे मालकी कुणाची हे बघतच नाहीत. समाप्तीची नोटीस, मग ताब्याचा दावा.

त्यातही एक काटा. ताबा दिलेले साठेखत मुद्रांकासाठी खरेदीखतासारखेच धरतात. ते १०० च्या बाँडवर असेल तर न्यायालयात ठेवताक्षणी जप्त होते. कमी पडलेले मुद्रांक शुल्क आणि दरमहा दोन टक्के दंड भरल्याशिवाय पुराव्यात येत नाही. तो हिशोब नोटीस द्यायच्या आधी करा.

साठेखत_जालना

आणि साठेखत नोंदवलेलं असेल तर सूची दोनमध्ये (नोंदणी कार्यालयाच्या दस्तसूचीत) ते दिसत राहतं. मालकानं एकट्यानं रद्दलेख करून भागत नाही, दोघांच्या सह्या लागतात. नव्या गिऱ्हाइकाची बँक शोध अहवालात तेच बघून कर्ज अडवते. म्हणून शक्य असेल तिथं साडेसहा लाख रद्दलेखाच्या टेबलावरच द्या, सही आणि ड्राफ्ट एकाच वेळी.

मुनीमजी

चेकवाल्यांसाठी दोन ओळी. हप्त्याचा चेक परत आला तर कसुरीच्या नोटिशीत तो कोंबू नका. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक न वटण्याच्या कायद्याच्या) कलम १३८ ची नोटीस वेगळी: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत, घेणाऱ्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून महिन्याच्या आत तक्रार. रक्कम चेकवरचीच, पैशाचाही फरक नको. टायपिंगची चूक म्हणूनही सवलत नाही, असं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. आणि सौदा मोडल्यावर जुने चेक बँकेत टाकू नका, देणंच उरलेलं नसतं. ते समाप्तीच्या नोटिशीसोबत परत करा, क्रमांक लिहून.

नवा_सभासद

नेटवर एक नमुना मिळाला, '३० दिवसांत कसूर दूर न केल्यास सर्व रक्कम जप्त व ताबा त्वरित'. मराठी करून वापरू का?

साठेखत_जालना

तो अमेरिकेतल्या हप्तेबंद विक्रीचा आहे. तिथं राज्याराज्याचे वेगळे कायदे आहेत, मुदतीही वेगळ्या. इथं त्यातली तारखेची जागा सोडून काहीच कामाचं नाही.

वकील_लातूर

एक राहिले. विकणारा स्वतः प्लॉट पाडून विकणारा विकासक असेल, क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर आणि आठपेक्षा जास्त प्लॉट, तर वरचे पुरेसे नाही. तिथे रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा लागतो. महारेराच्या नमुना करारात तीन हप्ते चुकल्यानंतर १५ दिवसांची लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने, दोन्ही. मगच समाप्ती, आणि रक्कम ३० दिवसांत परत. व्याजही तिथे मनाचे नाही, स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदराच्या वर दोन टक्के.

गोदाकाठ

समजा पहिल्या नोटिशीला घेणाऱ्याचं उत्तर आलं: बाकी मान्य, मार्चअखेरपर्यंत वेळ द्या. द्यायचा तर कसा?

साठेखत_जालना

आधी ते पत्र जपा. त्याच्या सहीनं बाकी मान्य केलेली असेल, आणि दावा लावायची मुदत संपायच्या आत असेल, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तीन वर्षं त्या दिवसापासून नव्यानं मोजतात. वेळ द्यायचा तर पुरवणी करारनामा करा, ५०० च्या मुद्रांकावर. मूळ साठेखताचा दिनांक आणि क्रमांक, आजची मान्य बाकी आकड्यात आणि अक्षरी, नव्या तारखा, आणि 'मूळ साठेखताच्या इतर अटी कायम. १० डिसेंबर २०२५ ची नोटीस ३१ मार्च २०२६ पर्यंत स्थगित, मागे घेतलेली नाही'. दोन्ही बाजूंच्या सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. मूळ साठेखत नोंदवलेलं असेल तर पुरवणीही नोंदवा. आणि जुन्या साठेखतावर पेननं तारखा खोडून बाजूला आद्याक्षरं मारायची सवय आहे ना आपल्याकडं, ते करू नका. खाडाखोड कुणी आणि कधी केली यावरच साक्ष फिरते.